दोन नंबरचा धक्का

१

फकीरप्पाचा पाय चिरडला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये चुरमुरे आणि डाळं वाटत होते. खंडेनवमी होती. सकाळी अकराला कारखान्यातल्या हत्यारांची पूजा झाली होती, ती मीच केली होती, आणि माझ्या बोटांचं कुंकू अजून गेलं नव्हतं. सव्वाबाराला एक हमाल धावत आला आणि म्हणाला, "अक्का, दोन नंबरला ट्रक मागे आला."

एवढं पुरे होतं. गेल्या सहा वर्षांत हे वाक्य मी चौथ्यांदा ऐकत होते.

मी नीलांबिका अंगडी. हुबळीबाहेरच्या या पंपांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. म्हणजे माणूस जखमी होईपर्यंत जिचं कुणी ऐकत नाही आणि झाल्यावर जिला सगळे जाब विचारतात, ती बाई. माल चढवायचा आमचा धक्का चार फूट उंच आहे आणि समोरचं अंगण त्या धक्क्याकडेच उतरतं आहे. उतार काढा म्हणून मी किती कागद लिहिले असतील त्याला गणती नाही. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या वर्षी बघू.

मी पोचले तेव्हा दहा-बारा जणांनी रिकामा ट्रक वीतभर पुढे ढकलून फकीरप्पाला बाहेर काढलं होतं आणि चाकांमागे दगड टाकले होते. गुडघ्याखाली काय उरलं होतं ते मी लिहीत नाही. तो ओरडत नव्हता. आपल्या पायाकडे न बघता तो माझ्याकडे बघत होता.

एक वाजता तो सरकारी दवाखान्यात आणि ड्रायव्हर दस्तगीर पोलीस ठाण्यात होता. दीड वाजता मॅनेजर सवदी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, आठच्या आत रिपोर्ट ठाण्यात द्यायचाय. पुढे सुट्ट्या आहेत. चालकाचा निष्काळजीपणा, दोन ओळी."

"मी अजून काहीच बघितलं नाही, साहेब."

"मागच्या तीन वेळा काय वेगळं दिसलं होतं?"

मागचे तिन्ही रिपोर्ट माझ्याच सहीचे होते आणि तिन्हीत त्याच दोन ओळी होत्या. ते तिन्ही ड्रायव्हर आता काय करतात, मला माहीत नाही. मी उठले आणि थेट ठाण्यात गेले.

२

दस्तगीर बाकावर भिंतीला टेकून बसला होता. वय पन्नाशीचं, लक्ष्मेश्वरचा माणूस, आमच्या धक्क्यावर नऊ वर्षं येतोय. हातात चुरमुऱ्यांची पुडी तशीच होती.

"गाडी कुणी मागे घेतली?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"दस्तगीर, ट्रक काय स्वतःच्या मनानं चालत गेला?"

"मला कसं ठाऊक, मॅडम? मी प्रसादाच्या रांगेत होतो. साडेअकराला आलो, गाडी मागे मागे घेत धक्क्यापासून तीन फुटांवर थांबवली. ट्रकचा मागचा फाळका खाली सोडायला जागा लागते, तेवढीच ठेवली. पुढच्या चाकांपुढे लिंबं ठेवली, अगरबत्ती लावली आणि खाली उतरलो."

"गिअरमध्ये ठेवली होतीस?"

तो खाली बघायला लागला. "न्यूट्रलला. हँडब्रेक ओढला होता."

"तुझा हँडब्रेक म्हणजे नुसतं नावाला."

"माल पाठवणीच्या बळिगार साहेबांना तीनदा सांगितलंय. आधी ट्रिप मार, मग बघू म्हणतात. आणि चाकांमागे ठोकळे असतात की. फकीरप्पा लावल्याशिवाय गाडीमागे पाऊल टाकत नाही. पंधरा वर्षं धक्क्यावर काढलीत त्यानं."

"वाटणारी मीच होते, पण रांगेत तुला पाहिल्याचं मला आठवत नाही. आणखी कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. पण आता विचारा, कुणीच पाहिलं नसेल."

टेबलामागचा हवालदार हसला. "मॅडम, सगळे ड्रायव्हर हेच म्हणतात. उद्या न्यायाधीशांसमोर उभा केला की पुढचे आठ दिवस आत. लायसन्स तर गेलंच समजा."

दस्तगीरने पुडी बाकावर ठेवली. "मॅडम, मला दुसरं काही येत नाही. गाडी सोडून काहीच येत नाही. तुम्ही एकदा जाऊन नीट बघा. तुम्ही कधी नीट बघतच नाही."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं.

३

धक्क्यावर परत आले तर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. सात हमाल, आणि सातही जणांची पाठ नेमकी त्याच वेळी ट्रककडे होती. सात माणसं एकाच वेळी पाठ फिरवून उभी राहायची तर समोर मिरवणूक तरी हवी. पण ही कंत्राटाची माणसं, सोमवारी कुणाला कामावर घ्यायचं हे माल पाठवणीचा सुपरवायझर बळिगार ठरवतो. त्यांच्यावर चिडायचं तरी किती.

बळिगार मात्र बोलायला उतावीळ होता. "मी डोळ्यांनी पाहिलं, मॅडम. दस्तगीर चढला, स्टार्टर मारला, रिव्हर्स टाकला. फकीरप्पा मागे फाळका उघडत होता. मी ओरडलो, पण त्याला ऐकू आलं नाही."

"ठोकळे लावले होते?"

"लावले होते की. गाडी त्यांच्यावरून चढून गेली. रिकामी गाडी, उडी मारते."

"पूजा झाल्यावर काम बंद असतं. मग हा ट्रक भरत का होता?"

"विजापूरचा माल. वरून फोन होता." त्याने मान सवदी साहेबांच्या केबिनकडे हलवली आणि लगेच दुसरीकडे वळवली.

राहिला निंगाप्पा. हा गेटवरचा वॉचमन. ट्रक मागे घ्यायचा तर याची शिट्टी लागते, असा नियम मीच केलेला. पहिल्या दिवसापासून तो माझ्यावर रुसून आहे, कारण शिट्टी फुंकून त्याची कवळी हलते.

"निंगाप्पा, शिट्टी मारलीस?"

"नाही."

"का नाही मारलीस? ट्रक मागे येत होता ना?"

"आला तो आवाज न करता आला. इंजिन नाही, हॉर्न नाही. आधी फाळका धाडकन पडला, मग फकीरप्पाचा आवाज. मी वळलो तोवर झालं होतं."

"हे मघाशी पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"बळिगार साहेब शेजारी उभे होते. मॅडम, माझी दोन वर्षं राहिलीत."

"आणि मागे येताना दिसला असता, तर शिट्टी मारली असतीस का?"

निंगाप्पाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विसरले आहे.

"कशी मारणार? शिट्टी माझ्याकडे कुठे आहे?"

"कुठे आहे मग?"

"पूजेत."

मी कपाळाला हात लावला. माझ्या नियमांचं हे लोक काय करतील याचा नेम नाही. पण त्या वेळी मला इंजिनाचीच पडली होती. एक जण म्हणतो स्टार्टर मारला, दुसरा म्हणतो आवाजच नव्हता. दोघांतला एक खोटं बोलत होता.

४

मी ट्रकभोवती फिरले. दस्तगीर म्हणाला तसं, या वेळी नीट बघत.

बंपरला केळीचे खांब, काचेवर झेंडूचा हार, चाकांना हळदीकुंकू. धक्का आणि फाळका यांच्यामधे वीतभर जागा, माणसांनी ढकलून केलेली तेवढीच. तिथलं रक्त कुणीतरी पाण्याने धुतलं होतं, तेही नीट नाही.

मग मी पुढे आले आणि थांबले. पुढच्या दोन चाकांसमोर दोन लिंबं पडली होती. चाकाला लागून नाही, चाकापासून चांगली दोन फुटांवर. दोन्ही अख्खी, कुंकवाचे ठिपके जसेच्या तसे, आणि खाली अगरबत्तीची राख. म्हणजे लिंबं जिथे ठेवली तिथेच होती आणि ट्रक त्यांना सोडून मागे गेला होता.

आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की पूजेनंतर गाडी आधी पुढे घेतात, लिंबं चिरडतात, मग कुठे जायचं तिकडे जातात. पुढे ठेवलेलं लिंबू तसंच सोडून गाडी मागे घेणारा ड्रायव्हर मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. पूजा न करणारा एखादा निघेल. पूजा करून, लिंबं ठेवून, मग पहिलाच गिअर रिव्हर्सचा टाकणारा निघायचा नाही. दस्तगीर तर मुळीच नाही. त्याला गाडीखेरीज दुसरं काही येत नाही.

स्टार्टर कुणी मारलाच नव्हता. फाळका सोडताना तो धाडकन पडला, रिकामी गाडी हादरली, मेलेला हँडब्रेक सुटला आणि ट्रक उतारावरून घसरला. निंगाप्पा खरं बोलत होता.

मी धावतच सवदी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही रिपोर्टात लिंबू लिहिणार?"

"लिहिणार."

"पोलीस हसतील. आणि बळिगारने डोळ्यांनी पाहिलंय त्याचं काय? ठोकळ्यांवरून गाडी आपोआप घसरते का?"

चिडचिड झाली, कारण प्रश्न बरोबर होता. चाकांमागे ठोकळे असतील तर रिकामा ट्रक नुसत्या उतारावर त्यांच्यावरून चढून जाणं शक्य नाही. त्याला इंजिनाचा जोर लागतो. म्हणजे एक तर दस्तगीर खोटा, नाही तर ठोकळे नव्हतेच.

मग ठोकळे होते कुठे?

५

धक्क्यावर नव्हते. ट्रकखाली नव्हते. त्यांच्या कोपऱ्यातल्या नेहमीच्या जागेवरही नव्हते. हमालांना विचारलं तर सातही जण पायांकडे बघायला लागले. एकाच्या तोंडून मात्र निसटलं, "शिट्टीजवळ."

बळिगारच्या ऑफिसात सकाळची पूजा तशीच मांडलेली होती. देवीचा फोटो, समई, नारळ. लाल कापडावर नट आवळायचे पाने, ड्रिल मशीन, वजनकाटा, आग विझवायचे लाल सिलिंडर, पिवळ्या टोप्यांची रास. निंगाप्पाची शिट्टी एका झेंडूच्या फुलावर ठेवलेली. आणि सगळ्यांत पुढे, देवीच्या पायाशी, दोन लोखंडी ठोकळे. घासून पुसून चकचकीत केलेले, त्यांवर विभूतीच्या तीन तीन रेघा, मधे कुंकू, वर एकेक फूल.

रेघ कुठे पुसलेली नव्हती. फूल हललेलं नव्हतं. यांच्यावरून ट्रक तर सोडाच, मुंगीही गेली नव्हती.

"बळिगार," मी हाक मारली. तो दारात येऊन उभा राहिला आणि माझी नजर कुठे आहे ते बघून खाली बसला.

"ठोकळ्यांवरून गाडी चढून गेली म्हणालात ना?"

त्याने रुमालाने मान पुसली.

"दस्तगीरला चढताना पाहिलंत?"

"नाही, मॅडम. गाडीत कुणी नव्हतं. ती नुसती घसरली. मी घाबरलो. माल लवकर काढा म्हणून मीच फकीरप्पाला फाळका उघडायला लावलं. माझं नाव आलं असतं."

"ठोकळ्यांशिवाय? पंधरा वर्षांत तो माणूस कधी ठोकळ्यांशिवाय गाडीमागे गेला नाही. तुम्ही जबरदस्ती केलीत."

"नाही हो. मीच म्हणालो, ठोकळे घेऊन ये. तोच नको म्हणाला."

"फकीरप्पा नको म्हणाला?" माझा विश्वास बसेना. "का?"

बळिगारने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मॅडम, खरंच आठवत नाही तुम्हाला?"

६

आठवलं. सकाळी ते माझ्यासाठी पूजेतले ठोकळे होते, धक्क्यावरचे नव्हते; दोन्ही एकच, हे दिवसभर माझ्या डोक्यात जुळलंच नव्हतं. आठवायला लागलं तसं पुढचं सगळं आपोआप आठवत गेलं.

दर वर्षी पूजेत पाने, मशिनं, मोटारी असतात. सेफ्टीचं सामान मात्र कोपऱ्यात धूळ खात. टोपी उलटी करून तिच्यात शेंगा खातात, ठोकळ्यावर बसून विडी ओढतात. सहा वर्षं मी सांगून सांगून थकले. म्हणून यंदा यादी मी केली. म्हटलं, हत्याराला देव मानता ना, मग हीही हत्यारंच आहेत, आणा इकडे. ठोकळे फकीरप्पाने स्वतः घासून आणले, दोन हातांत एकेक, तान्हं मूल धरावं तसे. विभूती मी ओढली. कुंकू मी लावलं.

आणि आरती झाल्यावर, गेल्या वर्षी कुणीतरी पूजेतला पाना उचलला म्हणून म्हाताऱ्या फिटरांनी जे भांडण केलं ते आठवून, मीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं: उद्या सकाळपर्यंत पूजेतल्या कशालाही कुणी हात लावायचा नाही.

"तो म्हणाला," बळिगार सांगत होता, "अक्कांनी पूजेत ठेवलेत, उद्यापर्यंत उचलायचे नाहीत. एक मिनिटाचं तर काम आहे, पटकन उघडतो म्हणाला. चाकामागे लावायला दगड बघू म्हणालो, तर तोवर तो खाली उतरला होता."

सहा वर्षं या लोकांनी माझा एक शब्द ऐकला नाही. नोटिसा फाडल्या, फलकांवर पिंक टाकली. आणि ऐकला तो नेमका हा.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. बळिगार समोर होता, भित्रा, खोटारडा, ओरडायला अगदी सोयीचा. पण मी त्याच्याकडे कोरे कागद मागितले आणि रिपोर्ट लिहायला बसले.

७

साडेसहाला सवदी साहेबांनी रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला.

"हे काय लिहिलंय? 'ठोकळे वापरातून काढण्याचा आदेश सेफ्टी ऑफिसर नीलांबिका अंगडी यांनी दिला.' स्वतःच्या हाताने?"

"खरं आहे ते."

"खरं असेल हो. पण एवढं कशाला? लिहा, ठोकळे जागेवर नव्हते, कारण समजलं नाही."

"कारण समजलं नाही म्हटलं की पोलीस म्हणणार, ड्रायव्हरनेच काढले असतील. साहेब, ट्रक भरायचा फोन तुमचा होता, तेही लिहिलंय. उताराचे कागद जोडलेत. हँडब्रेकबद्दल बळिगारकडून लिहून घेतलंय. खाली त्याची आणि निंगाप्पाची सही आहे."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे" असं म्हणण्याइतकी मी शूर नाही. माझी चार वर्षं राहिली आहेत आणि धाकटीचं लग्न व्हायचंय. मी नुसती फाईल उचलली आणि निघाले.

ठाण्यात हवालदाराने कागद शेवटपर्यंत वाचला. मग पहिल्या पानावरची सही आणि मजकुरातलं नाव बोटाने जुळवून पाहिलं.

"मॅडम, हे तुम्ही लिहिलंय का तुमच्यावर कुणी लिहिलंय?"

"मीच लिहिलंय."

त्याने आत जाऊन साहेबांना दाखवलं. साहेबांनी मला परवा जबाबाला बोलावलं आणि दस्तगीरला सोडलं. लिंबाचा भाग वाचून कुणी हसलं नाही. त्या ठाण्याच्या जीपखालीही सकाळी चार लिंबं ठेवली होतीच.

दस्तगीर बाहेर आला आणि पहिलं विचारलं, "फकीरप्पाचा पाय?"

"गेला," मी म्हणाले. "गुडघ्याखालून."

तो पायरीवर बसला. मी त्याला माझ्या स्कूटरवरून घरी सोडते म्हटलं, तर म्हणाला, नको, मी जरा इथेच बसतो.

८

दवाखान्यात पोचले तेव्हा साडेसात झाले होते. फकीरप्पा शुद्धीवर आला होता. त्याची बायको यल्लव्वा खाटेजवळ जमिनीवर बसून होती. मला बघून ती उठली आणि डोक्यावरचा पदर सारखा करू लागली. मी तिला बस म्हणाले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"दस्तगीर सुटला का, अक्का?" फकीरप्पाचा आवाज जड होता. "त्याचं काही नाही त्यात."

"सुटला."

"बरं झालं."

मी येताना काय काय बोलायचं ते ठरवून आले होते, ते सगळं गेलं. "फकीरप्पा, माझं चुकलं," एवढंच म्हणाले. "मी ते ठोकळे पूजेत ठेवायला नको होते."

"असं का म्हणता?" त्याला खरंच कळेना. "पंधरा वर्षं मी ते ठोकळे वाहतोय. कुणी लाथेनं सरकवतं, कुणी त्यांच्यावर थुंकतं. मशिनवाल्यांच्या मशिनींना हार, फिटरच्या पान्यांना हार, आम्ही हमाल लांब उभे. यंदा तुम्ही माझ्या लोखंडाला देवीच्या पायाशी ठेवलंत. मी यल्लव्वाला परवाच सांगितलं होतं, यंदा आपलंही हत्यार पूजेत आहे. विचारा हिला."

यल्लव्वाने मान हलवली. ती नवीन साडी नेसली होती. घरी गोड केलं असणार, ते तसंच पडलं असेल.

मला राग आला. पण त्या रागाला जायला कुठे जागाच नव्हती, म्हणून तो शब्दांत आला.

"नीट ऐक, फकीरप्पा. पूजेत असोत, देवीच्या डोक्यावर असोत, गाडीमागे जायचं असेल तर ठोकळे उचलायचे. फूल फेकून द्यायचं आणि उचलायचे. मी सांगितलं असलं तरी. कुणीही सांगितलं असलं तरी. देवी काही म्हणत नाही. कळलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी काहीतरी अभद्र बोलले असावे तसा. पाय नव्हता तिथली चादर सपाट होती. त्याने ओठ ओले केले.

"तसं कसं, अक्का?" तो म्हणाला.